बिनमिठाची भाकर

३ डिसेंबर

बाखूम,

आशीर्वाद आधी, शिव्या नंतर. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर आले. कागद फाडायचा म्हटला तरी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतला की एखादी ओळ डोळ्यांखालून जातेच. तेवढी एक ओळ मला पुरे.

आपल्या चर्चचा शाबान ड्रायव्हर कांद्याची गाडी घेऊन अलेक्झांड्रियाला येतो, त्याच्याबरोबर हे पाठवतेय. पत्र घेताना बाखूमचा चेहरा कसा होतो ते नीट बघून ये, असं त्याला बजावलंय. तुझ्या बहिणीला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे हे तुला ठाऊकच आहे. नवरा गेल्यावर बापाच्या घरी परत आले, शिवणयंत्रावर बसले, पण नाक काही शिवून घेतलं नाही.

तर ऐक. गावात एक चमत्कारिक गोष्ट चालली आहे. चर्चच्या कौलांवरची कबुतरं लठ्ठ झालीत.

हसू नकोस. नाताळचा उपास सुरू आहे, सात जानेवारीपर्यंत गाव फूलच्या दाण्यांच्या उसळीवर आणि तेलावर दिवस काढतंय, आणि ही कबुतरं मात्र लग्नघरच्या व्याह्यांसारखी डुलत चालतात. परवा एक उडायला गेलं आणि उडताच येईना, भिंतीवर बसून धापा टाकत होतं. मी शेजारच्या सबाहला दाखवलं. ती म्हणाली, "फेब्रोनिया, तुला दुसरं काम नाही का गं?" काम आहे, पण डोळे मोकळे असतात ना.

कबुतरांना कोण चारतंय? आणि उपासात, एवढं?

मी सध्या आणखी एका प्रश्नाच्या मागे लागले आहे. अबूना सेराफीम आपले नवे पाद्री, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. तरुण आहेत, दाढी अजून विरळ आहे. त्यांना मी विचारलं, "अबूना, देवाला यायचंच होतं तर चांगला तिशीचा गडी होऊन का नाही आला? ज्याला स्वतःची मान धरता येत नाही, असं तान्हं होऊन कशाला?" म्हणाले, "आपल्याला नम्रता शिकवायला, फेब्रोनिया." मी म्हटलं, "हे पुस्तकातलं झालं, अबूना. तुमचं सांगा." माझ्या मागे पापं कबूल करायला रांग उभी होती. सगळ्यांनी मला डोळे वटारले.

बाबा बरे आहेत. तुझी चौकशी करतात.

तुझी बहीण,
फेब्रोनिया


१३ डिसेंबर

बाखूम,

शाबान परत आला. मी विचारलं, चेहरा कसा होता? म्हणे, "मैद्याने माखलेला." मेला!

पण त्याने तू दिलेला डबा आणला. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसता केक. मी आधी म्हटलं, बघा, उपासात लोणी-अंड्याचा केक पाठवतोय, शहरात जाऊन पार बाटला. मग वास घेतला. तुकडा मोडला. बोटाला तेल लागलं. लोणी नाही, दूध नाही, अंडं नाही. म्हणजे तू अजून उपास धरतोस, बाखूम. आणि बहीण धरते हेही लक्षात ठेवतोस. मी मोरीच्या दारात बसून अख्खा केक खाल्ला. बाबांना दिला नाही. का दिला नाही ते पुढे कळेल.

कबुतरांचं कळलं.

रविवारी पहाटे बाबा वेदीची भाकर भाजायला निघाले तशी मीही मागून निघाले. चर्चच्या मागची भट्टीची खोली, जिला आपण बेथलेहेम म्हणतो. (तू लहानपणी एका पाहुण्याला "माझा बाप बेथलेहेममध्ये काम करतो" म्हणून सांगितलं होतंस, आणि तो बिचारा परदेशातून खर्ची येते का म्हणून विचारत बसला होता.) बायांनी आत जायचं नाही हा आपल्या गावचा रिवाज, तो मी मोडला नाही. पण गल्लीकडच्या खिडकीबद्दल रिवाजात काही म्हटलेलं नाही. टोमॅटोची पेटी पालथी घातली आणि चढले.

बाबा परातीवर वाकून मळत होते. तोंडाने स्तोत्रं चालू होती. तो माणूस गव्हाचं पोतं एका खांद्यावर टाकून कालवा ओलांडायचा, आठवतं? आता एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरत होता. दोन्ही हात थरथरत होते. थंडीने हलतात तसे नव्हे. आतून कुणीतरी हलवत असल्यासारखे.

गोळे वळून झाले. लाकडी ठसा उमटवला, तो फरकटला. तरी तेवढं चालून गेलं असतं. मग टोचणी घेतली. मधल्या क्रुसाच्या भोवती पाच भोकं, आणि मधल्या चौकोनाला चुकूनही सुई लागू द्यायची नाही. हे तूच मला लहानपणी चिखलाच्या भाकरीवर शिकवलं होतंस. बाबांची सुई पहिल्याच टोचणीला मध्ये घुसली. दुसऱ्या भाकरीलाही तेच. तिसरीला त्यांनी हात भिंतीला टेकवून बघितला. तिलाही तेच.

मधे भोक पडलेली भाकर वेदीवर जात नाही. बाबांनी त्या सगळ्या भाजल्या, मोडल्या आणि मागच्या दाराने कौलांवर फेकल्या. मग पुन्हा पीठ घेतलं.

दुसऱ्या परातीतल्या काही जमल्या. तेवढ्यावर रविवार निघाला.

मी पेटीवरून उतरले. प्रार्थनेनंतर घरी येऊन चहा ठेवला. बाबा आले, म्हणाले, "मला नको. चहाने यकृत बिघडतं." गेले दोन महिने ते चहा सोडल्याचं सांगतात आणि मी मूर्ख, कौतुक करत होते. भरलेला पेला चारचौघांत उचलता येत नाही, ही खरी गोष्ट. दोन्ही हात गलाबियाच्या बाह्यांत खुपसून बसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं चाललंय.

मी काही बोलले नाही. मी! विचार कर.

फेब्रोनिया


२३ डिसेंबर

बाखूम,

झाकली मूठ उघडली. अख्ख्या चर्चसमोर.

काल रविवार होता. अबूना भाकर निवडायला उभे राहिले. टोपलीत तीनच होत्या. तुला सांगायला नको, अबूना एकेक उचलून पुसतात, वरून-खालून बघतात, त्यातली निर्दोष ती घेतात, आणि तोवर सगळे "प्रभू दया कर" गात राहतात. नेहमीचं गाणं संपलं. अबूनांनी पहिली ठेवली, दुसरी उचलली. पुन्हा गाणं सुरू झालं. दुसरी ठेवली. तिसरी उचलली, ठेवली, परत पहिली उचलली. गाणाऱ्यांचे घसे बसायला आले. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "आज देवाला दया येईना वाटतं." मागून पोरं खिदळली.

शेवटी अबूनांनी एक घेतली. तिची सुई मधल्या चौकोनाच्या कडेला येऊन थांबली असावी. बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी तरी बघितलं, कारण मी मीच आहे.

प्रार्थना संपल्यावर अबूना घरी आले. चांगलं बोलले, गोड बोलले. "अबादीर काका, एवढ्या वर्षांची सेवा आहे तुमची. नाताळच्या भाकरी आपण या वेळी मल्लवीच्या चर्चमधून मागवू. तुम्ही विश्रांती घ्या." बाबा म्हणाले, "माझ्या बेथलेहेममध्ये बाहेरची भाकर यायची तर आधी माझी तिरडी बाहेर निघू दे." अबूना म्हणाले, "काका, मग कुणाला तरी मदतीला घ्या." बाबा म्हणाले, "आजवर मी कुणाकडे मदत मागितली आहे?"

खरं आहे, नाही मागितली. आई गेली तेव्हासुद्धा खांदा द्यायला लोक धावले, तर हा माणूस म्हणाला, मी एकटा पुरतो.

आता आई गेल्याचं निघालंच आहे तर निघू दे. आपण दोघांनी त्यावर कधी बोलायचं नाही असं तू ठरवलंस, मी नाही.

आईला पुरून आलो आणि चार दिवसांवर नाताळ. नाताळच्या संध्याकाळी परातीवर तू होतास, बाबा भट्टी पेटवत होते. तू रडत होतास. विशीतलं पोर, आई गेलेली, रडणार नाही तर काय करणार? बाबांनी वळून बघितलं. तुझ्या हनुवटीवरून थेंब पिठात पडला. कुर्बानच्या भाकरीत मीठ नसतं, कारण प्रभू स्वतःच मीठ आहे, हे आपल्याला अक्षरं यायच्या आधी शिकवलेलं. बाबांनी परात उचलून सगळं पीठ उकिरड्यावर ओतलं. नवं पीठ फुगेपर्यंत लोक थंडीत ताटकळले. कुणीतरी कारण विचारलं, तर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला डोळे आवरत नाहीत, त्याने बेथलेहेममध्ये पाय ठेवू नये."

तू ठेवला नाहीस. सकाळच्या गाडीने गेलास. आता केकवर साखरेची गुलाबं काढतोस. साखरेत रडलं तर चालतं का रे? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाबा तुझी चौकशी करतात. ती थाप होती. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही. मी ही पत्रं लिहिते हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून केक मोरीत बसून खाल्ला.

या गावात बाबांच्या हाताखाली शिकलेला दुसरा कुणी नाही. शिकायला आलेल्या सगळ्यांना त्यांनी पळवून लावलं. नाताळच्या संध्याकाळी ते एकटे त्या परातीवर उभे राहतील आणि सगळ्या भाकरी कबुतरांना जातील. मग मल्लवीची भाकर येईल, आणि माझा बाप घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजेल. तो पुन्हा उठायचा नाही, बाखूम. मी त्याला ओळखते. मोडेल पण वाकणार नाही असा आहे, आणि आता मोडायलाच आलाय.

मला भीती वाटते. हे मी तुला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, कबुतरांचं नको.

फेब्रोनिया


३० डिसेंबर

बाखूम,

शाबानला आज गाडीतून खाली उतरूच दिलं नाही, म्हटलं, थांब, लिहून होऊ दे. तो खिडकीतून कांदे मोजल्यासारखं करतोय आणि शिव्या घालतोय. म्हणून अक्षर असं आहे.

काल दुपारची गोष्ट. सबाह झगा मापायला आली होती. तिचं नवं बाळ तुला माहीत नाही, यासीन. गुणी पोर म्हणावं असं काही त्याच्यात नाही. कुणाच्याही मांडीवर राहत नाही, रात्रंदिवस भोकाड पसरतं, सबाहची सासू म्हणते, याच्या नरड्यात मशिदीचा भोंगा बसवलाय. तर माझ्या तोंडात टाचण्या, सबाहच्या अंगावर अर्धा झगा, आणि बाहेर तिची शेळी सुटून आमच्या वाफ्यात शिरली. सबाह ओरडली, "अगं बाई, मुळा खाल्ला!" आणि बाळ समोर दिसलेल्या पहिल्या मांडीवर टाकून पळाली. ती मांडी बाबांची.

बाबा किंचाळले, "उचल त्याला! फेब्रो, उचल, पडेल!" मी टाचण्या थुंकेपर्यंत बाळ त्यांच्या पोटावरून घसरलं होतं. बाह्यांतले हात बाहेर काढावेच लागले. एक हात मानेखाली गेला, एक पाठीखाली. आणि दोन्ही हात थरथरायला लागले. बाबांनी डोळे मिटून घेतले. बाळ रडत होतं, मग हुंदके देत होतं, मग गप्प झालं.

बाखूम, ते झोपलं. त्या हलत्या हातांत झोपलं. तोंड उघडं टाकून.

सबाह शेळीचा कान धरून दारात आली आणि बघतच राहिली. "काका, तुमचे हात आहेत की पाळणा? मला आधी सांगायचं ना, मी महिनाभर झोपले नाहीये!" तिला काही माहीत नाही. ती आपली खरोखर खूश झाली होती. बाळ तिथेच ठेवून घरी जाऊन झोपली, निर्लज्ज.

बाबा हलले नाहीत. हात सोडून बाकी सगळं दगडासारखं. मग म्हणाले, "फेब्रो, याला कळत नाही, मी याला पाडू शकतो."

"कळत नाही म्हणून तर झोपलाय."

"कळलं असतं तरी काय केलं असतं? याला दुसरं काही येतच नाही. उचललं तर उचललं." मग म्हणाले, "तू त्या पोरगेल्या अबूनाला काहीतरी विचारलंस म्हणे. देव तान्हा का झाला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गावात तू एकटीच कान घेऊन जन्माला आलीस का? काय म्हणाला तो?"

"दोनदा पुस्तकातलं बोलले. तिसऱ्यांदा म्हणाले, मलाही नीट कळलेलं नाही, तुला कळलं तर सांग."

बाबा हसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. बाळ दचकलं म्हणून लगेच हसू गिळलं. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं बेथलेहेममध्ये उभा आहे. मला वाटायचं, तिथे उभं राहायला ताकद लागते. भट्टी सोसायची, उपाशी मळायचं. आणि तिथे आला तो हा असा. मान न धरणारा. कुणीतरी उचलून घ्यावं म्हणूनच आला असेल. नाहीतर आपण कशाला त्याच्या जवळ गेलो असतो? मोठ्या माणसाला लोक लांबून सलाम करतात."

मी पुढचा प्रश्न विचारणार होते. जीभ चावली.

"कागद आण," म्हणाले. "त्या शाबानबरोबर तू लिहितेस ना त्याला?"

म्हणजे सगळं माहीत होतं, बाखूम! केकसुद्धा! म्हणाले, "मोरीत तेलाचा वास येत होता."

खाली त्यांनी स्वतः लिहिलंय. मी हात धरू का विचारलं, तर नको म्हणाले, वाकडं येऊ दे, त्यालाही दिसू दे. एवढं लिहायला त्यांना माझा अख्खा झगा शिवून होईतो वेळ लागला.

*बाखूम. हात चालत नाहीत. तुझे हवेत. डोळ्यांचं बघू. — बाप*


१२ जानेवारी

बाखूम,

कालच तर तुला गाडीत बसवून दिलं आणि परत पत्र कसलं, असं म्हणशील. पण फाटकाशी तू विचारलंस, "ताई, खिडकीत होतीस ना?" आणि मी नाही म्हटलं. होते. त्याच टोमॅटोच्या पेटीवर. सबाहने पेटी धरली होती, बाळ पाठीला बांधून, आणि सारखी विचारत होती, "काय चाललंय? आता काय चाललंय?" मी तिला काही सांगितलं नाही. तुला सांगणार आहे, कारण एक गोष्ट तुला दिसली नाही.

तू नाताळच्या संध्याकाळी आलास, पिशवी बेथलेहेमच्या दारात ठेवलीस. बापाने "आलास?" म्हटलं, तू "आलो" म्हटलंस. मी मनात म्हटलं, झालं, एवढ्यावरच दोघांचं आयुष्य निघेल. मग बाबांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात तुझ्यासमोर धरले. लहान पोर नखं दाखवतं तसे. तू बघितलेस. आणि स्वतःच्याही बाह्या वर सारल्यास. शहाणा माझा!

आत तू त्यांच्या मागे उभा राहिलास, दोन्ही बाजूंनी हात पुढे घेतलेस आणि त्यांच्या हातांवर ठेवलेस. चार हातांनी पीठ मळायला लागलात. तुझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, म्हणून तुला त्यांची मान आणि खालची परात तेवढी दिसत होती. स्तोत्र एक म्हणत होता, दुसरा मागून पूर्ण करत होता. मधेच तू थांबलास. तुझा आवाज मला बाहेर ऐकू आला, पार लहानपणचा आवाज, "बाबा, माझ्या डोळ्यांतून पडलं वाटतं पिठात. टाकायचं का हे?"

आणि बाबा म्हणाले, "मळ."

"पण मीठ…"

"मळ म्हणतो ना. लोक थंडीत उभे आहेत."

तू मळत राहिलास. आणि काल फाटकाशी मला हळूच म्हणालास, "ताई, त्यांनी मला माफ केलं."

गाढवा, तुला काहीच कळलेलं नाही. मी खिडकीत होते, त्यांच्या तोंडासमोर. तो थेंब तुझा नव्हता. तू डोळे त्यांच्या खांद्याला पुसत होतास, तुझं सगळं पाणी बाबांच्या गलाबियाच्या पाठीवर गेलं. धुताना मला दिसलं, डाग होते. पिठात पडलं ते बाबांचं. नाकाच्या शेंड्यावरून एक पडला, मग दुसरा, आणि त्यांनी पुसले नाहीत, कारण दोन्ही हात तुझ्या हातांत होते. सोडवून घेतले असते तर घेता आले असते. घेतले नाहीत.

आईच्या मातीला न रडलेला माणूस तो. मी पेटीवरून पडता पडता वाचले. सबाह म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात धूर गेला."

ठसा तुम्ही दोघांनी मिळून उमटवलात, सुईही दोघांनी धरली. मधल्या चौकोनाला धक्का लागला नाही. थोडी वाकडी आली भोकं, अगदी सरळ म्हणता येणार नाहीत. पण अबूना टोपलीवर वाकले तेव्हा "प्रभू दया कर" नेहमीचं गाऊन व्हायच्या आत त्यांनी भाकर उचलली. मला वाटतं तीच, जी तुम्ही शेवटी ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी भरल्या ताटावर अबूना आले. मी त्यांना विचारलं, "अबूना, भाकर कशी झाली होती?" म्हणाले, "चांगली भाजली होती. का गं?" म्हटलं, "काही नाही." ते घास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. "फेब्रोनिया, तुला पुढचा प्रश्न नाही? तब्येत बरी आहे ना?"

नाही सांगितलं. नाही सांगणार. माझ्या पोटात काही राहत नाही असं म्हणणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

आता पुढचं. सणावारी तू येशील असं बाबांना कबूल केलंयस, ते धरून चालले आहेत. दर रविवारचं काय, असा मला घोर होता. तर आज सकाळी बाबा चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिले, हात बाह्यांबाहेर, थरथरते, आणि म्हणाले, "मला हात हवेत. ज्याला शिकायचंय त्याने यावं. मी ओरडेन, पण पळवून लावणार नाही." क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग आपला शाबानच उठला! म्हणाला, "कांद्याच्या हाताचा वास चालत असेल तर मी येतो." बाबा म्हणाले, "लिंबाने घास." लोक हसले. त्याच्या मागून आणखी दोघे आले.

कबुतरं उपाशी बसली आहेत आणि माझ्याकडे रागाने बघतात.

चहा सुरू झालाय. पेला अर्धाच भरते. तेवढाही बाबा बशीत सांडतात आणि यासीनच्या आजीसारखे फुरके मारून पितात. यासीन रोज दुपारी झोपायला येतो.

वेदीवर न गेलेल्या भाकरींचे तुकडे लोकांना वाटले, त्यातला तुझा भाग तू घाईत विसरून गेलास. फडक्यात बांधून शाबानबरोबर पाठवतेय. त्याच परातीतला आहे. मी माझा खाल्ला, मला काही कळलं नाही. तू तोंडात धरून नीट चावून खा, आणि खारट लागतो का ते लिहून पाठव.

बाबा विचारतायत. या वेळी खरंच.

तुझी बहीण,
फेब्रोनिया